घरचे हत्यार : यात्रेच्या ट्रॉलीचे नट-बोल्ट

मार्गशीर्षाची पौर्णिमा जवळ आली की अनगोळच्या गल्ल्यांत ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांचे रूप पालटू लागते. कालपर्यंत जिच्यातून शेणखत, विटा आणि भाताची पोती वाहिली, तीच ट्रॉली आज धुऊन-पुसून अंगणात उभी असते. लोखंडी कमानी चढतात, त्यांवर ताडपत्री ताणली जाते, तळाला भाताच्या पिंजराचा वीतभर थर, त्यावर जमखाना, एका कोपऱ्यात चूल-भांडी, दुसऱ्या कोपऱ्यात पिठाचा डबा आणि पाण्याचे पिंप. सौंदत्तीच्या यल्लम्मेच्या डोंगरावर जाण्यासाठी एक घर चाकांवर उभे राहिलेले असते. मार्गशीर्ष, पौष आणि माघ या तिन्ही पौर्णिमांना हा प्रवास चालतो. माघातच रायबाग तालुक्यातील चिंचलीच्या मायाक्काची यात्रा भरते, आणि चैत्रात ज्योतिबाच्या डोंगराकडे बेळगावहून बैलगाड्या घेऊन चालत जाणारे भाविक अजूनही आहेत. सुगी संपलेली, हातात थोडा पैसा आणि थोडी फुरसत. यात्रेला निघण्यास याहून चांगला काळ तो कोणता?

या महिन्यात आम्ही बोलणार आहोत ते मात्र देवीविषयी नव्हे आणि पुरणपोळीविषयीही नव्हे. या चाकावरच्या घराला जे एकत्र धरून ठेवतात, त्या नट-बोल्टांविषयी आम्हांस चार गोष्टी सांगावयाच्या आहेत. विषय रुक्ष वाटेल. पण सहा महिन्यांचे मूल मांडीवर घेऊन सून ज्या फाळक्याला टेकून बसते, तो फाळका दोन बिजागऱ्या आणि दोन खिट्ट्या यांच्यावर उभा असतो, हे एकदा ध्यानात आले की रुक्षपणा आपोआप नाहीसा होतो.

इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील आमचे वाचक विचारतील, की आमच्या दारी ट्रॅक्टर नाही, ट्रॉली नाही. आम्ही हे का वाचावे? त्यांस आमचे सांगणे असे, की चाकावरचे घर ही कल्पना आता केवळ यात्रेपुरती राहिलेली नाही. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण मंजूर केले. अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेली मराठी कुटुंबे सुटीत मोटारीमागे जोडावयाचे फिरते घर भाड्याने घेऊन हजारो मैल हिंडतात. त्या घरात गॅसची शेगडी, फ्रीज आणि गाद्या असतात, आणि अनगोळच्या ट्रॉलीत पिंजर आणि चूल असते; परंतु दोहोंच्या खाली आस, पाटे, चाके आणि मागच्या गाडीला जोडणारा दांडा यांची मांडणी एकच आहे. दोहोंचा शत्रूही एकच. तो म्हणजे हादरा.

पुढे जाण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. ट्रॅक्टरची ट्रॉली ही मालासाठी आहे. तिच्यातून माणसे नेण्यास कायद्याची मंजुरी नाही, आणि त्या कायद्यामागे पुरेसे अपघात उभे आहेत. आमचे मत विचाराल तर म्हातारी माणसे, लेकुरवाळ्या आणि मुले यांना एसटीने किंवा यात्रेच्या जादा बसने पाठवावे आणि ट्रॉलीतून सामान, सरपण व राहुटीचे साहित्य न्यावे. डोंगराखाली पोचल्यावर तीच ट्रॉली मुक्कामाचे घर होतेच. हे आमचे मत घरोघर मानले जाईल, असा आमचा भ्रम नाही. म्हणूनच पुढचे सारे लिहिणे भाग आहे.

आमच्या आजोबांच्या पिढीला ढिलेपणाचा प्रश्न नवा नव्हता. लाकडी गाडीच्या चाकाला लोखंडी धाव बसवताना लोहार ती धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहानच करी. मग गोवऱ्यांच्या जाळात ती लालभडक तापवावयाची, तापून फुगली की सांडशांनी उचलून चाकावर बसवावयाची आणि लगोलग वरून पाण्याचे हंडे ओतावयाचे. निवताना धाव आकसे आणि आरे, तुंबा, पुठ्ठे यांना अशी काही आवळून घेई की खिळ्याची गरज फारशी राहत नसे. उन्हाळ्यात लाकूड वाळून आकसले म्हणजे हीच धाव सैल पडे, चाक कुरकुरू लागे, आणि शेतकरी चाके काढून नदीत किंवा हौदात बुडवून ठेवी. लाकूड फुगले की पुन्हा सारे घट्ट. येथे लोखंड सतत ताणलेले आहे आणि लाकूड सतत दाबलेले आहे. ताण आहे तोवर चाक आहे. ताण गेला की धाव ही नुसती एक बांगडी.

बोल्टाचेही नेमके हेच आहे, आणि लोकांच्या मनात याविषयी मोठा गैरसमज असतो. बोल्ट म्हणजे जाड खिळा, भोकात घातला की त्याने दोन पत्रे अडवून धरले, असे आपण समजतो. वास्तविक बोल्ट ही एक अतिशय ताठ स्प्रिंग होय. नट आवळला की बोल्ट केसभर लांबतो, आणि पुन्हा आखूड होण्याच्या त्याच्या धडपडीने मधले पत्रे एकमेकांवर दाबले जातात. त्या दाबामुळे पत्र्यांमध्ये जे घर्षण निर्माण होते, तेच ट्रॉलीला धरते. घट्ट जोडात पत्रे एकमेकांवर घसरतच नाहीत, आणि बोल्टाच्या अंगाला भोकाची कड बहुधा लागतही नाही. जोड सैल झाला म्हणजे मात्र प्रत्येक खड्ड्यागणिक भोकाची कड बोल्टाला कातरू पाहते. आणि मग आपण म्हणतो, बोल्ट कच्चा होता. बोल्ट कच्चा नव्हता, बोल्ट सैल होता.

तो सैल का होतो? याची दोन कारणे आहेत आणि ती वेगवेगळी आहेत. पहिले कारण असे, की नट जरासाही न फिरता ताण कमी होऊ शकतो. दोन पत्र्यांमध्ये रंगाचा जाड थर असतो, गंजाचा पापुद्रा असतो, धुळीचे कण असतात, वेल्डिंगचे बारीक मणी असतात. आवळताना हे सारे घट्ट वाटते. पण दहा-वीस मैल चालल्यावर हा चुरा दबतो आणि तेवढ्याने बोल्टाचा केसभर ताण निघून जातो. केसभरच तर ताणला होता! नव्या रंगवलेल्या ट्रॉलीचे नट पहिल्याच फेरीत सैल का होतात, याचे उत्तर येथे आहे. यात्रेसाठी ट्रॉली रंगवावी, हौसेने रंगवावी, फाळक्यावर देवीचे नावही घालावे. परंतु नटाखालची जागा आणि चाक जेथे टेकते ती जागा खरवडून लोखंडावर आणावी.

दुसरे कारण हादऱ्याचे. जुन्या काळी असे समजले जाई की वरखाली होणाऱ्या धक्क्यांनी नट सुटतो. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये प्रयोगाने दाखवून दिले, की नटाचा खरा वैरी आहे तो आडवा हेलकावा. जोडाचे दोन भाग बोल्टाच्या अंगाशी काटकोनात मागे-पुढे सरकू लागले, की त्या सरकण्याच्या क्षणी आट्यांमधील घर्षण जणू नाहीसे होते. आणि आटे हे मुळात उतारच असल्यामुळे नट त्या उतारावरून थोडा थोडा खाली येऊ लागतो. युंकरच्या यंत्रावर चांगला आवळलेला नट काहीशे हेलकाव्यांत सुटून येतो. नेसरगी-यरगट्टीच्या वाटेने सौंदत्तीपर्यंतच्या ऐंशी-नव्वद किलोमीटरांत ट्रॉली किती वेळा हेलकावते, ते ज्यांनी पिंजरावर बसून तो प्रवास केला आहे त्यांनी सांगावे.

आता एक अप्रिय गोष्ट. आपल्याकडे साऱ्या ढिलेपणावरचा रामबाण म्हणून स्प्रिंग वायसर घालण्याची चाल आहे. नटाखाली तो चिरलेला, किंचित पीळ दिलेला वायसर दिसला की मालकाला शांत झोप लागते. युंकरच्या पद्धतीच्या चाचण्यांत हा वायसर नटाला सुटण्यापासून रोखत नाही, असे वारंवार दिसून आले आहे. नट पुरता आवळला की तो वायसर सपाट होतो, आणि सपाट झाल्यावर तो साध्या वायसराहून निराळे काही करीत नाही. आम्ही हे एका मिस्त्रींना सांगितले तेव्हा ते हसून म्हणाले, “तसं नव्हं ओ काका, वायसर नसला तर गिऱ्हाईक भांडतंय की!” गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी तो असावा, आमची हरकत नाही.

मग उपयोगी काय पडते? पहिला आणि सर्वांत मोठा उपाय म्हणजे पुरेसा ताण, त्याविषयी पुढे येतेच. त्याखेरीज काही साधने आहेत. नायलॉनचे कडे असलेला नट आट्यांना घट्ट चावतो आणि ताण गेला तरी चटकन गळून पडत नाही. मात्र तो पुन्हा पुन्हा वापरू नये, आणि ब्रेकच्या ड्रमाजवळ, जेथे लोखंड तापते तेथे, मुळीच लावू नये. चेक नट, म्हणजे एकावर एक दोन नट, हा जुना व चांगला उपाय आहे; पण तो बहुतेक ठिकाणी उलटा लावलेला आढळतो. दोहोंपैकी पातळ नट आत, पत्र्याला लागून हवा आणि जाड नट बाहेर. पातळ नट पान्याने स्थिर धरून जाड नट त्यावर आवळावयाचा. डोळ्यांना हे विचित्र दिसते, कारण शेवटचा आणि खरा भार बाहेरचा नट उचलतो, हे दिसत नाही. तिसरा उपाय म्हणजे खाचांचा नट आणि त्यातून आरपार घातलेली स्प्लिट पिन. ही पिन ताण टिकवीत नाही. ती एवढेच पाहते की नट संपूर्ण निघून पडणार नाही. चाकाच्या आसाला तेवढे अभय पुरे आहे.

आट्यांना लावावयाचा एक द्रवही आता सर्वत्र मिळतो. अमेरिकेतील हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजमध्ये रसायनशास्त्र शिकवणारे व्हर्नन क्रीबल यांनी १९५३ मध्ये तो शोधला. त्याचा स्वभाव मोठा गमतीचा: हवेत असेपर्यंत तो पातळ राहतो, आणि नट-बोल्टाच्या फटीत हवा बंद होऊन लोखंडाचा स्पर्श झाला की दगड होतो. पण आट्यांवर तेल किंवा गिरीस असेल तर त्याचा उपयोग नाही. आधी रॉकेलने आटे धुऊन, पुसून, कोरडे करावयाचे. सहसा निळा द्रव साध्या पान्याने उघडतो आणि तांबडा उघडण्यासाठी जोड तापवावा लागतो, म्हणून घरगुती कामाला निळाच बरा.

अनगोळच्या अगदी शेजारी उद्यमबाग आहे. ओतशाळा, लेथ, ड्रिल आणि वेल्डिंग यांचा तो एक मोहोल्लाच म्हणावा. बेळगावच्या ओतकामाला आणि यंत्रकामाला दूरवर नाव मिळाले, ते अशा वसाहतींमुळे. त्यामुळे आमच्या इकडे बोल्टाची वाण नाही. अडचण उलट आहे: बोल्ट फार तऱ्हांचे आहेत. जुन्या ट्रॉल्यांचे बोल्ट सुतांत मोजलेले, म्हणजे इंचाचा आठवा भाग ते एक सूत. नवे बोल्ट मिलिमीटरांत. पाच सुती बोल्ट आणि सोळा मिलिमीटरचा बोल्ट शेजारी ठेवले तर डोळ्यांना फरक दिसत नाही, कारण पाच सूत म्हणजे १५.८७५ मिलिमीटर. परंतु इंची बोल्टाला इंचामागे ११ आटे असतात, म्हणजे दोन आट्यांतील अंतर सुमारे २.३ मिलिमीटर; आणि सोळा मिलिमीटरच्या साध्या बोल्टात ते अंतर २ मिलिमीटर. शिवाय जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये इंग्लंडात ठरवलेल्या आट्यांचा कोन ५५ अंशांचा आणि मेट्रिक आट्यांचा ६० अंशांचा. एकावर दुसऱ्याचा नट चढवला की तो एखाद-दोन फेरे बसतो आणि अडतो. मग पान्याला पाइप घालून तो जबरदस्तीने फिरवला जातो, आटे चिरडले जातात, आणि मालक म्हणतो, “काय घट्ट बसला!” हा घट्टपणा आट्यांच्या चुऱ्याचा आहे, मधल्या पत्र्यांपर्यंत त्यातले काहीच पोचलेले नाही. नट बोटांनी शेवटपर्यंत फिरला पाहिजे, ही पहिली परीक्षा. न फिरल्यास तो त्या बोल्टाचा नट नव्हे.

बोल्टाच्या डोक्यावर काही आकडे कोरलेले असतात, तेही वाचावेत. ८.८ असे लिहिले असेल तर त्यातील पहिला आठ सांगतो की दर चौरस मिलिमीटरला सुमारे ८०० न्यूटन ताणाने तो तुटेल, आणि दुसरा आठ सांगतो की त्याच्या ऐंशी टक्के ताणापर्यंत तो पूर्ववत होईल. ४.६ चा बोल्ट म्हणजे साधे मऊ पोलाद, ताकदीने निम्मा. डोक्यावर काहीच नसेल तर त्याला साधाच समजावे. ट्रॉलीच्या दांड्याला, पाट्यांना आणि चाकांना ८.८ च्या खालचा बोल्ट लावू नये. कमानीला आणि कड्यांना साधा चालतो. दुकानात दोहोंच्या किमतीत जो थोडा फरक असतो, तो यात्रेत नारळ-भंडाऱ्यावर होणाऱ्या खर्चापुढे अगदीच किरकोळ.

आता आवळण्याविषयी. सोळा मिलिमीटरच्या ८.८ बोल्टाला साधारण २०० न्यूटन-मीटर जोर लागतो. म्हणजे एक मीटर लांब पान्याच्या टोकाला वीस किलोची पिशवी टांगल्यासारखा. पाना अर्ध्या मीटरचा असेल तर चाळीस किलो. गंमत अशी, की या साऱ्या जोरापैकी जेमतेम दहावा हिस्सा बोल्ट ताणण्याच्या कामी येतो. बाकी सारा नटाखालच्या आणि आट्यांमधील घर्षणात जातो. म्हणून आटे गंजलेले असले तर हाताला पुरेसा जोर लागूनही बोल्ट ढिलाच राहतो, आणि आट्यांना भरपूर गिरीस लावलेले असले तर तेवढ्याच जोरात बोल्ट गरजेपेक्षा जास्त ताणला जातो. चाकाच्या नटांना तेल-गिरीस लावू नका, असे बहुतेक कारखाने बजावतात, ते याचसाठी. ताकद मोजणारा पाना मिळाला तर उत्तम. उद्यमबागेत तो एखाद्या ओळखीच्या कारखान्यातून दिवसभरासाठी मागून आणणे अवघड नसावे. शेजारधर्म आणखी कशासाठी असतो?

कीर्तनकार एक कथा रंगवून सांगतात. दशरथाच्या रथाच्या चाकाची खीळ ऐन युद्धात निसटली, शेजारी बसलेल्या कैकेयीने तिच्या जागी आपले बोट घातले आणि रथ सावरला. राजाने प्रसन्न होऊन दोन वर दिले. पुढचे रामायण सर्वांना ठाऊक आहे. निघण्यापूर्वी सारथ्याने एकदा वाकून आसाकडे पाहिले असते तर अयोध्येचा बराच मनस्ताप वाचला असता, असे आम्हांस नेहमी वाटते.

वाकून पाहण्याची सुरुवात जोडापासून करावी. ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांना जोडणारी पिन ही साऱ्या घराची खीळ आहे. ती झिजून मध्ये बारीक झाली आहे काय, दांड्याच्या डोळ्याचे भोक लांबट झाले आहे काय, हे पाहावे. पिनेच्या खालच्या टोकाला क्लिप हवीच. तिच्या जागी घातलेली तार किंवा वाकवलेला खिळा ही अडचणीपुरती सोय, यात्रेची नव्हे. उतारावर ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलते, चढावर ओढते, आणि या ओढाताणीत क्लिप नसलेली पिन उडी मारून वर येते. म्हणून पिनेशिवाय एक साखळदंडही दोहोंमध्ये हवा. तो दांड्याखालून फुलीसारखा नेला, तर पिन निघालीच असता दांड्याचे तोंड जमिनीत रुतण्याऐवजी साखळीच्या झोळीत पडते. एवढ्या एका साखळीने मागच्या माणसांचा जीव वाचू शकतो. आमच्या पाहण्यातील बहुसंख्य ट्रॉल्यांना ती नसते.

त्यानंतर चाके. नट समोरासमोरच्या जोडीने, फुली मारल्यासारखे आवळावेत. शेजारचे शेजारी आवळत गेल्यास चाक तिरपे बसते. चाक अधांतरी असताना नट फक्त बसवावेत आणि चाक जमिनीला टेकल्यावर शेवटचा जोर द्यावा. नटाखालून तांबूस गंजाचे ओघळ निघालेले दिसले, किंवा नटाभोवती लोखंड घासून चकाकू लागले असेल, तर तो नट कधीपासून तरी सैल आहे असे समजावे. डिस्कची भोके लंबगोल झाली असतील तर ती डिस्क टाकून द्यावी. तेथे जाड वायसर घालून वेळ मारून नेणारे कारागीर आहेत. आमच्या परिचयातील एका घरी असेच करून दिले गेले होते, आणि परतीच्या वाटेवर चाक ट्रॉलीच्या पुढे धावताना घरच्यांनी पाहिले. सुदैवाने ट्रॉली रिकामी होती.

पाट्यांचे यू-बोल्ट हे सर्वांत दुर्लक्षित अंग. पाट्यांची चळत आणि आस यांना ते एकत्र बांधतात. ते सैल झाले की आस हळूहळू तिरका सरकतो, पाट्यांच्या मधला बोल्ट कातरला जातो, आणि एका बाजूचे टायर विनाकारण झिजू लागते. टायर बदलून काही होत नाही. ट्रॉलीत भार असताना हे यू-बोल्ट पुन्हा आवळावेत, कारण रिकाम्या ट्रॉलीचे पाटे निराळे बसतात.

एक अपवाद मात्र ध्यानात ठेवावा. चाकाच्या तुंब्यात बेअरिंगे असतात आणि त्यांना रोखणारा खाचांचा नट असतो. तेथे सारा जोर लावणे म्हणजे बेअरिंगांचा खून. चाक हाताने फिरवीत नट आवळावा, जड लागले की पिनेची खाच जुळेपर्यंत थोडा मागे घ्यावा. चाक मोकळे फिरले पाहिजे आणि वर-खाली धरून हलवले तर जेमतेम जाणवेल इतकीच हालचाल असावी. मग नवी स्प्लिट पिन. जुनी पिन सरळ करून पुन्हा घालू नये. एकदा वाकलेले पोलाद दुसऱ्या वाकण्यात तुटते, आणि या पिनेची किंमत चहाच्या कपाहूनही कमी असते.

सारे आवळून झाले की रंगाची एक पातळ रेघ नटावरून थेट पत्र्यावर ओढावी. पांढरा किंवा पिवळा रंग उत्तम. पुढे नट कणभर जरी फिरला तरी रेघ मोडलेली दिसते. पाना न लावता, नुसत्या नजरेने, बॅटरीच्या उजेडात दहा मिनिटांत सारी ट्रॉली पाहून होते. हे काम घरातील दहा-बारा वर्षांच्या मुलाकडे सोपवावे. मोठी माणसे कंटाळतात, मुले कंटाळत नाहीत, आणि मोडलेली रेघ सापडली तर त्यांना जो आनंद होतो तो पाहण्यासारखा असतो. पहिली तपासणी पन्नासएक किलोमीटरांच्या आत, म्हणजे वाटेतील पहिल्या चहाला व्हावी. कारण चुरा दबून जो ताण जातो तो बहुतेक याच टप्प्यात जातो. त्या वेळी चाकाचे नट पान्यानेच पाहावेत, रेघेवर विसंबू नये. ताण गेलेला असूनही रेघ शाबूत असू शकते, हे वर सांगितलेच आहे.

ज्यांच्याकडे ट्रॉली नसून खरोखरीचे फिरते घर आहे, त्यांच्यासाठी दोन शब्द. आतील कपाटे आणि बिजागऱ्या लाकडी फळीत स्क्रूने बसवलेल्या असतात, आणि भोक मोठे झाले की स्क्रू नुसता फिरत राहतो. जाडा स्क्रू घालण्याची घाई करू नये. सुतारांची युक्ती चांगली आहे: भोकात फेव्हिकॉल लावलेल्या काड्या ठासाव्यात, सुकल्यावर कापून सपाट कराव्यात आणि मग तोच स्क्रू पुन्हा बसवावा. बाहेरील ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे रिव्हेट हलू लागले तर ते ठोकून घट्ट होत नाहीत. ड्रिलने काढून नवे घालावे लागतात. छताच्या स्क्रूंखालील चिकट लांबी वाळून भेगाळली असेल तर स्क्रू कितीही आवळा, पावसाचे पाणी आत येणारच. आणि पाण्याने आतील लाकूड कुजले की स्क्रूला धरावयास काही उरत नाही. तेथे लांबी आधी, स्क्रू नंतर.

अनगोळच्या चौथ्या रेल्वे गेटाशी उभे राहून रुळांकडे पाहिले तर दिसते, की काँक्रीटच्या स्लीपरांना रूळ नट-बोल्टांनी बांधलेलेच नाहीत. वेढा दिलेली पोलादी क्लिप रुळाच्या पायावर दाबून बसवलेली असते. पेर पांडे-रोल्फसेन या नॉर्वेच्या अभियंत्याची ही कल्पना १९५० नंतरच्या दशकातील. आट्यांच्या भानगडीतच न पडता ताण टिकवावयाचा, ही त्यातील खुबी. आपल्या धावेच्या लोहाराला ती लगेच कळली असती.

तपासणीचा मुहूर्त शोधण्याची गरज नाही. तो पंचांगात आहेच. खंडेनवमीला उद्यमबागेत लेथला झेंडूची माळ पडते आणि घरोघर कोयते, पाने, हातोड्या यांची पूजा होते. त्याच दिवशी ट्रॉलीखाली पोते अंथरून शिरावे. मार्गशीर्षापर्यंत दोन महिने हाताशी राहतात. डिस्क बदलावयाची असो, दांड्याचा डोळा भरून पुन्हा कातावयाचा असो, कारखान्यांत सवडीने काम होते. यात्रेच्या आदल्या रात्री आठ वाजता मिस्त्रींच्या दारी उभे राहणाऱ्यांस जे काम मिळते, ते आदल्या रात्रीचेच काम असते.

परत आल्यावर एक गोष्ट हटकून राहून जाते. डोंगरावर उदो उदोच्या गजरात जो भंडारा उधळला जातो, तो ट्रॉलीच्या सांध्यासांध्यांत बसतो, गिरिसाशी मिसळतो आणि धूळ धरून ठेवणारा पिवळा चिखल तयार होतो. कपाळावरचा भंडारा राहू द्यावा. जोडाच्या पिनेवरचा आणि आट्यांवरचा मात्र रॉकेलच्या फडक्याने पुसून घ्यावा, पिनेला नवे गिरीस लावावे, मोडलेल्या रेघा पुन्हा ओढाव्यात, आणि मगच ट्रॉली शेणखताच्या कामाला जुंपावी. पौषाची पौर्णिमा महिन्यावरच आलेली असते.